ट्राम, लोकल आणि जुना ट्रक : एका फ्यूज-रिले पेटीचा इतिहास

१/ लालबाग, परळ, शिवडी या पट्ट्यात आजही काही जुने ट्रक आणि पाण्याचे टँकर नेटाने धावत असतात. त्यांतील काहींच्या बॉनेटखाली कारखान्याने न दिलेली एक छोटी पेटी सापडते. आत फ्यूजची एक ओळ, दोन-चार रिले आणि बॅटरीकडून आलेली एक जाड वायर. आजचा धागा या जोडपेटीच्या इतिहासावर आहे.

२/ विषय किरकोळ वाटेल. पण त्यामागचा प्रश्न जुना आहे. एखादी रचना ज्या भारासाठी बांधली गेली, त्याहून अधिक भार तिच्यावर आला तर तो कोणी वाहायचा? मुंबईला हा प्रश्न ट्रकच्याही आधी पडला होता, आणि त्याची दोन वेगवेगळी उत्तरे याच रस्त्यांवर आणि रुळांवर चालत होती.

३/ पहिले उत्तर ट्रामचे. १८७४ पासून घोडे ओढत असलेली ट्राम ७ मे १९०७ रोजी विजेवर धावू लागली. त्या पिढीच्या ट्रामगाड्यांत सर्वसाधारणपणे चालकापुढे एक उभी पेटी असे आणि तिच्यावर फिरवायची मूठ. पेटीच्या आत तांब्याचे पट्टे बसवलेला दंडगोल. मोटारला जाणारा सगळा प्रवाह याच पेटीतून, म्हणजे चालकाच्या हाताखालून जाई. मूठ फिरली की आत ठिणगी उडे आणि तांबे झिजे.

४/ दुसरे उत्तर लोकलचे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर १५०० व्होल्टची विद्युत गाडी सुरू झाली. १९२८ साली कुलाबा-बोरिवली मार्गही विजेवर आला. अनेक मोटारींचा एवढा प्रवाह मोटरमनच्या खोलीतून नेणे शक्यच नव्हते.

५/ यावरचा तोडगा फ्रँक स्प्रेग या अमेरिकी अभियंत्याने १८९७ साली शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी काढला होता. मोटरमनच्या मुठीतून केवळ क्षीण असा आज्ञा-प्रवाह जातो. डब्याखालचे विद्युतचुंबकी स्विच ती आज्ञा ऐकतात आणि मोठा प्रवाह स्वतः जोडतात किंवा तोडतात. येथे हात फक्त हुकूम देतो. ओझे दुसरीकडून जाते.

६/ ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. म्हणजे जवळपास चार दशके ही दोन तत्त्वे या शहरात शेजारी शेजारी नांदली. जुन्या ट्रकातील दिव्यांची मूळ जोडणी ट्रामच्या कुळातली, तर रिलेची जोडपेटी लोकलच्या कुळातली. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे होते.

७/ रिलेचा जन्म मात्र रेल्वेआधीचा. १८३० च्या दशकात जोसेफ हेन्री याने दाखवून दिले की दुरून आलेला क्षीण प्रवाह विद्युतचुंबकाच्या मदतीने जवळच्या सबळ प्रवाहाला कामाला लावू शकतो. तारायंत्राने हे तत्त्व उचलले. डाकेच्या टप्प्यावर दमलेला घोडा सोडून ताज्या दमाचा जुंपावा, तसे हे काम. शब्दही त्याच व्यवहारातून आला आहे.

८/ आता ट्रककडे वळू. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीत वाहनजोडणीचा कारखाना काढला. गोदीत सुटे भाग उतरत आणि परळच्या पूर्वेला, हाकेच्या अंतरावर, त्यांच्या गाड्या होत. मोटारीत वीज येऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत आला तो १९१२ च्या सुमारास; बॉशची डायनॅमोवर चालणारी दिव्यांची संपूर्ण व्यवस्था आली १९१३ मध्ये.

९/ त्यामुळे त्या काळच्या ट्रकाचा विद्युतसंसार अगदी आटोपशीर असे. पुढे दोन दिवे, मागे एखादा, हॉर्न, स्टार्टर आणि प्रवाह दाखवणारा काटा. फ्यूज मोजकेच. पुढच्या दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जाई आणि तिथून पुन्हा दिव्यांकडे येई. अमेरिकी गाड्या बहुधा ६ व्होल्टच्या असत.

१०/ दुसऱ्या महायुद्धात मुंबईत लष्करी वाहनांची जोडणी झाली आणि युद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेले ट्रक नागरी मालवाहतुकीत आले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ साली कुर्ल्यातून क्रायस्लर घराण्याची वाहने बाहेर काढली. टाटांनी १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी सहकार्य करून जमशेदपुरात ट्रक बांधण्यास आरंभ केला. त्याच वर्षी शिवडीतील जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला, कारण प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना सरकारने दार बंद केले होते.

११/ कारखाने गेले, गाड्या राहिल्या. ६ व्होल्टच्या अमेरिकी, १२ व्होल्टच्या आणि पुढे २४ व्होल्टच्या अवजड गाड्या एकाच शहरात दुरुस्त होऊ लागल्या. फरक साध्या भागाकाराचा आहे. ७० वॉटचे दिवे ६ व्होल्टवर सुमारे १२ अँपिअर घेतात, १२ व्होल्टवर ६ आणि २४ व्होल्टवर ३. वायर तापते ती अँपिअरने. म्हणूनच मोठ्या ट्रकांनी अधिक व्होल्टची वाट धरली.

१२/ पण गाडी जुनी झाली की तिच्या गरजा वाढत जातात. घाटासाठी जादा दिवे, मोठा हॉर्न, केबिनमधला पंखा, टेप, टँकरमागचा कामाचा दिवा, सणासुदीला माळा. घाईच्या कामात जवळची चालू वायर सोलायची, तिला पीळ देऊन जोड द्यायचा आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची, ही पद्धत सर्रास रूढ झाली. गाडी सकाळी धंद्यावर निघायची असते. वायरीच्या जाडीचा हिशेब मांडायला सवड कोणाला?

१३/ त्याचे परिणाम दोन. पहिला अंधार. १२ व्होल्टच्या गाडीत लांब, बारीक वायर आणि झिजलेला स्विच मिळून सव्वा व्होल्ट जरी खाल्ला, तरी दाब साधारण १० टक्क्यांनी उतरतो आणि तंतूच्या दिव्याचा उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. मग चालक म्हणतो, दिवे मंद आहेत, मोठे बल्ब घाला.

१४/ दुसरा परिणाम उष्णतेचा. ६० वॉटच्या जोडीऐवजी १०० वॉटची जोडी घातली की १० अँपिअरचे सुमारे पावणेसतरा होतात. वायरीतली उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे पावणेतीन पटीने वाढते. वायर तीच, स्विच तोच. आधी प्लॅस्टिकचा वास येतो, मग स्विच वितळतो आणि एखाद्या रात्री घाटाच्या वळणावर दोन्ही दिवे एकदम जातात.

१५/ इथे फ्यूजने धावून यायला हवे. एडिसनने फ्यूजचे पेटंट १८९० साली मिळवले. त्याचे काम दिवा वाचवणे हे नसून वायर वाचवणे हे आहे. आग लागते ती वायरीला. वारंवार उडणाऱ्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली की तो उडायचा थांबतो आणि त्याच क्षणी संपूर्ण वायरिंग फ्यूजच्या जागी येऊन बसते.

१६/ गिरगावातील चाळीत राहिलेल्यांना हे नवे नाही. एक बल्ब आणि फार तर एक पंखा एवढ्या हिशेबाने ओढलेल्या तारांवर पुढे इस्त्री, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशिन आले. जिन्याखालच्या फळीवर जाड तार बांधलेले फ्यूज आले. उपाय दोन्हीकडे सारखाच : नव्या भारासाठी मुळापासून नवी, पुरेशी जाड वाट काढायची आणि त्या वाटेच्या तोंडाशीच पहारेकरी बसवायचा.

१७/ ट्रकातील जोडपेटी नेमके हेच करते. बॅटरीच्या धन टोकाकडून एक जाड वायर निघते. तिच्यावर बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ मुख्य फ्यूज बसतो. फ्यूज लांब बसवला तर त्याच्या अलीकडची वायर अनाथच राहते. ही वायर पेटीत येते, तिथून प्रत्येक भारासाठी वेगळा फ्यूज, मग रिले, मग दिवा. दिव्याची परतीची, म्हणजे अर्थची वायरही तेवढीच जाड आणि घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर घट्ट आवळलेली हवी.

१८/ जुना स्विच फेकायचा नाही. पूर्वी जी वायर स्विचकडून दिव्याला जात होती, ती आता रिलेच्या गुंडाळीला जाते. जर्मन मानकातले आकडे रिलेच्या पायांपाशी आजही कोरलेले असतात : ८५ आणि ८६ ही गुंडाळीची टोके, ३० वर बॅटरीचा प्रवाह, ८७ वरून भाराकडे. १२ व्होल्टच्या साध्या रिलेची गुंडाळी अँपिअरचा जेमतेम पाचवा हिस्सा घेते. दहा-पंधरा अँपिअर वाहून थकलेला स्विच आता फक्त आज्ञा देतो. ट्रामची लोकल होते ती इथे.

१९/ दोन बारकावे. दोन्ही पुढच्या दिव्यांना एकच फ्यूज देऊ नये. वेगळे दिले तर एक उडाल्यावर दुसरा दिवा रस्ता दाखवत राहतो. आणि रंगावर विसंबू नये. जुन्या जर्मन पद्धतीच्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये तांबडा म्हणजे १६ अँपिअर, निळा म्हणजे २५. १९७० च्या दशकात अमेरिकेत आलेल्या पात्यांच्या फ्यूजमध्ये तांबडा १० चा आणि निळा १५ चा. एकाच गाडीत दोन्ही पिढ्या नांदत असतील, तर रंगापेक्षा आकडा वाचावा.

२०/ पेटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती वीज वाटते, निर्माण करीत नाही. जुना डायनॅमो इंजिन मंद चालत असताना जवळपास काहीच देत नाही. मिरवणुकीत ट्रक तासन्‌तास गोगलगायीच्या गतीने सरकतो, तेव्हा सगळा भार बॅटरीवर पडतो. म्हणूनच मोठ्या रोषणाईसाठी स्वतंत्र जनरेटर लागतो. १९६० च्या दशकापासून पसरलेल्या अल्टरनेटरने ही अडचण बरीच हलकी केली, तरी आधी बेरीज आणि मग जोडणी हा क्रम बदलत नाही.

२१/ गंमत अशी की त्या जुन्या गाडीत रिले मुळातच होता. डायनॅमोचा दाब पुरेसा चढला की त्याला बॅटरीशी जोडायचे आणि उतरला की तोडायचे, हे काम करणारा ‘कटआउट’ हा रिलेचाच प्रकार. गॅरेजमधल्या कारागिरांच्या बोटांना तो पाठ होता. त्यामुळे रिले त्यांना परका वाटण्याचे कारण नव्हते. ओळखीचे तत्त्व नव्या जागी वापरायचे होते.

२२/ कायद्याची चौकट वेगळी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. वायर सुरक्षित करणे आणि डोळे दिपवणारे दिवे लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समोरून येणाऱ्याला आंधळे करणारा उजेड रिलेने नेला म्हणून निर्दोष ठरत नाही.

२३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला या पेटीत रस का असावा? कंपन्यांची वार्षिक वृत्ते, सरकारी आयोगांचे अहवाल, कारखान्याचे वायरिंगचे नकाशे यांतून आपल्याला वाहन कारखान्याच्या दारातून बाहेर पडेपर्यंतच भेटते. त्यानंतरची त्याची वीस-तीस वर्षे कागदावर फारशी उतरत नाहीत. ती उतरतात वायरींच्या जुड्यात : कोणता जोड कधी दिला, कोणता भार कोणत्या गरजेतून आला, कोणत्या कारागिराने नीट काम केले आणि कोणी चांदी गुंडाळून वेळ मारून नेली.

२४/ ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानांनी आणि फुटपाथलगतच्या बॅटरीवाल्यांनी हे शहर चालते ठेवले. त्या ज्ञानाचे पाठ्यपुस्तक नाही. गाडी भंगारात गेली की तो दस्तऐवजही जातो, आणि त्याआधी तो पुढच्या कारागिराला वाचता आला नाही, तर त्याची किंमत रात्रीच्या घाटात चालक मोजतो.

२५/ म्हणून जोडपेटी बसवणाऱ्यांना एक विनंती. झाकणाच्या आतल्या बाजूस कागद चिकटवा : कोणता फ्यूज कशाचा, किती अँपिअरचा, कोणती वायर कुठून आली, तारीख कोणती. आणि ज्यांच्या घरी शिवडी, परळ किंवा गिरगावातल्या जुन्या गॅरेजच्या वह्या, बिले, हाताने काढलेले वायरिंगचे नकाशे पडून असतील, त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. या शहराच्या श्रमाच्या इतिहासाचा तो अस्सल कागद आहे.

(धागा समाप्त)