बुंध्याभोवतीची माती

उष्ण प्रदेशातील माणसाला उन्हाशी, पावसाशी व वादळाशी झुंजण्याची विद्या वाडवडिलांकडून मिळालेली असते. कडाक्याची थंडी मात्र तेथे क्वचित येते आणि एका रात्रीत होत्याचे नव्हते करून जाते. अमेरिकेच्या दक्षिण टोकावरील फ्लोरिडा राज्याने घेतलेला हा अनुभव आपण बागायती लोकांनी जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

एडमंड डन या कायदेपंडिताने १८८२ च्या सुमारास तेथे कॅथलिक कुटुंबांची वसाहत उभारून तिला संत अंतोनीचे नाव दिले. १८८९ साली बेनेडिक्टाइन धर्मभगिनी तेथे आल्या. त्याच संघाच्या मठवासीयांनी जवळच संत लिओच्या नावाने विद्यालय काढले. वसाहतीची भिस्त होती संत्र्यांच्या बागांवर.

२९ डिसेंबर १८९४ रोजी ऑरलँडो येथे पारा उणे ८ अंश सेल्सिअसच्या जवळ उतरला. फळे गोठून गळाली. झाडे मात्र वाचली. पुढचे काही आठवडे उबदार गेले. झाडांत रस चढला, पालवी फुटली, बागायतदारांच्या जिवात जीव आला. तीच ऊब घातक ठरली. ७ व ८ फेब्रुवारी १८९५ च्या थंडीत तो रस गोठला, साली तडकल्या, झाडे जमिनीपर्यंत वाळली. हंगामाला ५० लाख पेट्या पिकविणारे राज्य लाख-दीड लाखांवर आले. पूर्वीचा पल्ला गाठायला सुमारे १५ वर्षे लागली.

अनेक कुटुंबे गाव सोडून गेली. कित्येकांनी आणखी दक्षिणेची वाट धरली. राहिलेल्यांचे उपाय दोन. आपल्या निफाडचे द्राक्षबागायतदार पेटवितात तशा रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या. आणि हिवाळ्याआधी बुंध्याभोवती, डोळा भरलेल्या जागेच्या वरपर्यंत, मातीची भर घालायची. वरचा विस्तार गेला तरी मातीखालचा भाग जगतो आणि तेथूनच नवा कोंब फुटतो.

त्या पडझडीत मठवासी व धर्मभगिनी तेथून हलले नाहीत. प्रार्थना व शिकवणे चालू राहिले. संत लिओचे ते विद्यालय आज विद्यापीठ झाले आहे. आपल्याही वाड्यांवर व कुटुंबांवर अवचित संकटे येतात. तेव्हा वरची फांदी वाचेलच असे नाही. परंतु घरातील प्रार्थना, शाळा व शेजारधर्म यांभोवती वेळीच माती लावून ठेवणे आपल्या हाती आहे.