टँग मासे : प्रवाळ मत्स्यालयासाठी निवड, धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

टँग : (सर्जन मासा). अस्थिमत्स्यांच्या ॲकँथ्युरिडी कुलातील उष्ण कटिबंधीय समुद्री मासा. या कुलात सहा प्रजाती आणि ऐंशीहून अधिक जाती आहेत. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेच्या सुरीसारखा धारदार काटा ही या कुलाची खूण. ॲकँथ्युरस, झेब्रासोमा, टेनोकीटस आणि पॅराकँथ्युरस या प्रजातींत हा काटा खाचेत मिटतो. नासो आणि प्रायोन्युरस यांत तो कायम उघडा व एकाहून अधिक असू शकतो. मासा पकडताना काटा जाळीत अडकून मासा जखमी होतो, पकडणाऱ्याचा हातही कापतो. म्हणून जाळीऐवजी प्लास्टिकच्या भांड्याने पकडणे बरे.

भारतात टँग लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारचे आखात येथील प्रवाळांवर आढळतात. निळ्या अंगाचा, काळ्या तोंडाचा आणि पिवळ्या पाठपराचा पावडर ब्लू टँग (ॲकँथ्युरस ल्यूकोस्टर्नॉन) हा हिंदी महासागराचाच मासा. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर, कोकण किनाऱ्यापासून सरळ रेषेतही शेकडो किमी दूर आहे. त्यामुळे इथल्या टाकीतला प्रत्येक टँग पिशवीतून लांबचा प्रवास करून आलेला असतो आणि त्याच्या भोवतीचे पाणी घरातच तयार करावे लागते. निवडीचा सारा विचार या दोन गोष्टींपासून सुरू होतो.

आहार व वर्तन : बहुतेक टँग शाकाहारी असून दिवसभर खडकावरचे शेवाळ खरवडत हिंडतात. त्यांच्या आतड्यात सूक्ष्मजीवांची मोठी वसाहत असते. १९८५ मध्ये तांबड्या समुद्रातील एका टँगच्या आतड्यात एप्युलोपिसियम हा अर्ध्या मिलिमीटरहून लांब वाढणारा जीव सापडला. तो चक्क जीवाणू आहे हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. सतत चरणाऱ्या या माशाला दिवसातून एकदा चिमूटभर कोरडे खाद्य टाकून भागत नाही. वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे (नोरीचे) पान रोज टाकीत अडकवून ठेवावे लागते. उपाशी टँगचे पोट आत जाते, डोक्यावरचा रंग उडू लागतो, आणि काही जण प्रवाळालाही चोच मारू लागतात.

टँगला पोहण्यासाठी लांब मोकळी वाट लागते. टाकीचे लिटर मोजून निवड करणारे इथेच चुकतात. उंच आणि अरुंद टाकीत पाणी भरपूर मावते, पण माशाला थोडे अंतर जाताच वळावे लागते. म्हणून आधी लांबी, मग रुंदी आणि शेवटी लिटर असा क्रम धरावा. शिवाय दुकानात पाच-सात सेंटिमीटरचे पिल्लू दिसते. निवड त्याच्या पूर्ण वाढीवरून करायची.

टाकीचा आकार व जाती : तीन फुटी टाकीत (९० × ४५ × ४५ सेंमी, सुमारे १८० लिटर) एकही टँग ठेवू नये. ‘लहान आहे तोवर राहू दे, मग मोठी टाकी घेऊ’ हा बेत बहुधा तडीस जात नाही.

चार फुटी टाकी (१२० × ६० × ६० सेंमी, सुमारे ४३० लिटर) ही खरी सुरुवात. तिच्यासाठी टेनोकीटस प्रजातीतील लहान मासे सर्वांत योग्य. टोमिनी टँग (टेनोकीटस टोमिनिएन्सिस) आणि हिंदी महासागरातील ठिपकेदार टेनोकीटस ट्रंकेटस हे दोन्ही सुमारे १६ सेंमीपर्यंतच वाढतात. त्यांचे दात बारीक, कुंचल्यासारखे असून ते खडकावरचा व वाळूवरचा गाळ आणि सूक्ष्म शेवाळ वेचतात. स्वभावही तुलनेने शांत. ते दिसायला भडक नाहीत म्हणून गिऱ्हाईक पुढे जाते, पण मध्यम टाकीसाठी यांच्याइतका समजूतदार पर्याय दुसरा नाही. सुमारे २० सेंमीचा यलो टँग (झेब्रासोमा फ्लॅव्हेसेन्स) या टाकीत एकटाच आणि काठावर बसतो.

सहा फुटी टाकीत (१८० × ६० × ६० सेंमी, सुमारे ६५० लिटर) यलो टँग निवांत राहतो. तांबड्या समुद्रातील पर्पल टँग आणि पट्टेरी कॉन्व्हिक्ट टँगही चालतात. २००३ आणि २०१६ च्या चित्रपटांमुळे मुलांना माहीत झालेली ‘डोरी’, म्हणजे ब्लू टँग (पॅराकँथ्युरस हेपॅटस), सुमारे ३० सेंमीपर्यंत वाढते. तिला सहा फूट ही किमान लांबी आहे, ऐसपैस नव्हे. मुलाच्या हट्टापायी चार फुटी टाकीत डोरी आणणे ही या छंदातली फार सर्रास घडणारी चूक. पावडर ब्लू याच आकारात बसतो, पण तो भांडखोर आणि रोगाला लवकर बळी पडणारा आहे. पहिला टँग म्हणून तो कधीच घेऊ नये.

सेलफिन टँग, सोहल, क्लाउन टँग आणि नासो एलेगन्स हे ४० सेंमीच्या आसपास किंवा पुढे जाणारे मासे आठ फुटांच्या खालच्या टाकीत आणू नयेत. नासो व्ह्लामिंगी आणि युनिकॉर्न टँग हे अर्धा मीटर ओलांडतात. त्यांची जागा मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयातच. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र शेजारीच होता. पठारावरच्या घरात ती सोय नसते.

एकाहून अधिक टँग ठेवायचे तर प्रजाती व शरीराचा आकार वेगळा असावा. सारख्या दिसणाऱ्या दोघांत काट्यांची मारामारी होते. शांत मासा आधी सोडावा, तापट सर्वांत शेवटी.

पाणी व उष्णता : धाराशिवात टाकीची कमाल मर्यादा जागा किंवा पैसा यांआधी पाण्याने ठरते. बेसाल्टातील विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. नळाच्या पाण्यातील क्लोरिन, नायट्रेट व फॉस्फेटही प्रवाळाला चालत नाहीत. म्हणून आरओचे, शक्य तर पुढे आयन काढलेले पाणी घेऊन त्यात समुद्री मीठ मिसळावे लागते. क्षारता हजारी ३५ धरली तर ४३० लिटरच्या टाकीला पहिल्या भरणीतच सुमारे १५ किलो मीठ लागते. आठवड्याला दहा टक्के, म्हणजे ४३ लिटर पाणी बदलायचे, तर घरगुती आरओ एकास तीन या हिशेबाने सुमारे १३० लिटर पाणी वाया घालवतो. टंचाईच्या वर्षी गावात टँकर येत असताना हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही. वाया जाणारे पाणी फरशी पुसायला व संडासात वापरावे. टाकीतून काढलेले खारे पाणी मात्र बागेत, शेतात किंवा झाडाच्या बुंध्याशी मुळीच ओतू नये, जमीन खारावते.

प्रवाळ टाकीचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस असावे लागते. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. हवा कोरडी असल्याने पाण्यावर सोडलेला पंखा किनारपट्टीपेक्षा इथे अधिक गारवा देतो, पण बाष्पीभवनाने पातळी रोज उतरते. ती तूट बिनमिठाच्या आरओ पाण्यानेच भरावी. खारे पाणी घातले तर क्षारता चढत जाते. मोठ्या टाकीला चिलर लागतोच. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि टँगला तो जास्त लागतो, म्हणून वीज जाताच सुरू होणारा बॅटरीवरचा हवापंप चार फुटी टाकीलाही अनिवार्य समजावा.

रोग व खरेदी : टँगच्या अंगावर श्लेष्माचा थर पातळ असल्याने क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे पांढरे ठिपके त्यांच्यावर आधी दिसतात. तांब्याचे औषध गुणकारी आहे, पण ते प्रवाळ व कोळंबी मारते; त्यामुळे उपचार वेगळ्या टाकीतच. नवा मासा किमान चार आठवडे विलगीकरणात ठेवावा.

यलो टँगची पैदास हवाईतील ओशियानिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये, तर ब्लू टँगची फ्लोरिडा विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रथम साधली. अशी पैदास केलेली पिल्ले महाग असली तरी ती बंदिस्त खाद्याला सरावलेली असतात. मिळाल्यास तीच घ्यावीत. भारतीय समुद्रातील खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. ते किंवा त्यांनी मढलेला ‘जिवंत खडक’ विकत घेणे गुन्हा आहे. टाकीत कोरडा कृत्रिम खडक वापरून त्यावर शेवाळ व जीवाणू वाढू द्यावेत. ही तयारी काही महिने घेते आणि टँग तिच्यानंतरच यावा.

नीट ठेवलेला टँग दशकभर सहज जगतो. समुद्रात काही जातींचे आयुष्य तीस वर्षांहून अधिक नोंदले गेले आहे. ज्या घरी उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावे लागते तिथे चार फुटी टाकी व एक टोमिनी टँग ही मर्यादा मानावी. टाकी तीन फुटी असेल तर टँग सोडून क्लाउनफिश पाळावेत. त्यांची पैदास केंद्रीय समुद्री मत्स्यिकी संशोधन संस्थेने भारतातच यशस्वी केली आहे.