टॅटू काढण्यापूर्वी : चांद्याच्या गोंदणाचा इतिहास आणि टाळायच्या चुका

१/
गडचिरोलीतील एखादा तरुण दंडावर ‘ट्रायबल’ टॅटू काढून घेतो, तेव्हा त्या नक्षीचे मूळ बहुधा बोर्निओत किंवा पॉलिनेशियाच्या बेटांवर असते. त्याच्याच जिल्ह्यातील भामरागडच्या माडिया आजीच्या हनुवटीवरची खूण मात्र त्याला वाचता येत नाही. आजचा धागा या विसंगतीविषयी आहे, आणि कायमची खूण उमटवण्यापूर्वी इतिहास कोणत्या चुका दाखवून देतो याविषयीही.

२/
आधी शब्द. ‘टॅटू’ हा ताहिती बेटावरील ‘तताऊ’पासून आला. १७६९ साली जेम्स कुकचे जहाज तेथे पोहोचले आणि हा शब्द इंग्रजीत शिरला. आपल्याकडे गोंदण आणि हिंदीत गोदना हे शब्द स्वतंत्रपणे रूढ होते. जाड, काळ्या, टोकदार रेषांची ‘ट्रायबल’ शैली विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लोकप्रिय झाली. तिचा गोंडी परंपरेशी संबंध नाही.

पहिली चूक : नावात ‘आदिवासी’ दिसले म्हणून नक्षी आपल्या मातीतली समजणे.

३/
आता मुलूख. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. त्याचे जुने नाव चांदा. हीच गोंड राजांची राजधानी. वैनगंगेपलीकडच्या दाट अरण्यात, भामरागड आणि एटापल्लीच्या बाजूला, माडिया गोंडांची वस्ती आहे. इंद्रावतीपलीकडे बस्तरातही त्यांचे सगेसोयरे राहतात. राज्याची सीमा अलीकडची, गोंदणाची परंपरा तिच्याहून कितीतरी जुनी.

४/
गोंदण हे मुख्यतः स्त्रियांचे जग. गोंडांमधील ओझा समाजाच्या स्त्रिया गोंदण्यात निष्णात म्हणून ओळखल्या जात. काजळी कालवायची, सुयांची जुडी हाती घ्यायची आणि ठिपक्याला ठिपका जोडत जायचे. काजळी काळी असली तरी त्वचेखालून ती निळसर-हिरवी दिसते. मुलगी वयात येण्याच्या सुमारास हे सोसायची. सोने-चांदी चोर नेतो, मरणानंतर उरलेले नातलग काढून घेतात. देहासोबत जाते ते फक्त गोंदण, ही श्रद्धा गोंडांत होती आणि महाराष्ट्राच्या इतर खेड्यांतही होती.

५/
म्हणजे त्या खुणेमागे एक व्यवस्था होती. कोणी गोंदायचे, कोणत्या वयात, अंगावर कुठे आणि कोणते चिन्ह, हे समाजाने ठरवलेले असे. ती पाहणाऱ्याला तिचा अर्थ ठाऊक असे.

दुसरी चूक : चिन्ह उचलणे आणि त्यामागची माणसे विसरणे. माडिया नक्षी हवी असेल, तर ती कोणाची आणि कशासाठी, हे आधी त्या समाजातील जाणत्यांना विचारावे.

६/
याच कलेचा एक काळा अध्यायही आहे. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवण्याची शिक्षा कायद्यात आणली. तिला ‘गोदना’ हेच नाव होते. १८४९ मध्ये ती रद्द झाली. तेव्हा चांदा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, त्यामुळे हा कायदा इकडचा नव्हे. पण धडा सर्वांसाठी आहे : सुई तीच, काजळी तीच, खूण कोणाच्या इच्छेने उमटली यावर ती अलंकार ठरते की कलंक.

तिसरी चूक : दुसऱ्याच्या आग्रहाखातर किंवा मित्रांच्या पैजेखातर अंगावर काही लिहून घेणे.

७/
इच्छेचा प्रश्न परंपरेलाही चुकत नाही. जंगलात रस्ता, शाळा आणि बाजार आले, तसे चेहऱ्यावरचे गोंदण बाहेरच्यांच्या नजरेत ‘मागासपणा’ ठरू लागले. अनेक मुलींनी ते नाकारले. त्या नकारात लाज होती, तशीच वेदनेतून सुटकाही होती. ज्या खुणेमुळे आजीकडे रोखून पाहिले गेले, तीच आज शहरात पैसे मोजून मिळणारी फॅशन झाली आहे. गोंदवून घेणाऱ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे.

८/
आता हत्यार. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने विद्युत टॅटूयंत्राचे पेटंट घेतले. पुढे जत्रेतल्या गोंदणाऱ्याच्या हातीही यंत्र आले. वेग वाढला, तसा धोकाही. एकच सुई अनेकांना टोचली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरू शकतात.

चौथी चूक : नवी सुई आपल्यासमोर उघडली का, शाई वेगळ्या वाटीत घेतली का, हे न पाहणे.

९/
चंद्रपूर आणि गडचिरोली सिकलसेलच्या पट्ट्यात येतात. येथील कित्येक रुग्णांना वेळोवेळी रक्त लागते. टॅटू काढल्यावर मात्र वर्षभर रक्तदान करता येत नाही. घरात रुग्ण असेल किंवा तुम्ही नेमाने रक्त देत असाल, तर हा हिशेब आधी मांडा.

१०/
पाचवी चूक सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांची. भारतीय सैन्याच्या नियमांत कायमचा टॅटू सामान्यतः कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या मागेच चालतो. आदिवासी उमेदवारांच्या अंगावर रूढीनुसार असलेल्या गोंदणासाठी मात्र वेगळी सवलत आहे. समाजाने दिलेली खूण आणि हौसेची खूण यांतला फरक सरकारी नियमानेही मानला आहे.

११/
शेवटी थोडे शरीरशास्त्र. त्वचेखाली गेलेली शाई शरीराच्या संरक्षक पेशी गिळून बसतात. एक पेशी मेली की तिची शाई दुसरी पेशी उचलते. म्हणून खूण टिकते. लेझरने ती फिकी करता येते, पण त्याला बऱ्याच बैठका आणि बराच पैसा लागतो, आणि तरीही ती पूर्ण जाईलच असे नाही.

तेव्हा खुर्चीत बसण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा : ही खूण कोणाची? इच्छा कोणाची? सुई कोणाच्या हाती? भामरागडच्या आजीला यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. दुसरा प्रश्न तिला कोणी विचारलाच नाही. तुम्हाला मात्र तिन्हींची उत्तरे शोधता येतात.