जेराल्दो दे बारोस

जेराल्दो दे बारोस (२७ फेब्रुवारी १९२३ – १७ एप्रिल १९९८) हे ब्राझीलमधील रचनावादी चित्रकार, छायाचित्रकार आणि फर्निचर अभिकल्पक होते. कलाकृती ही एकमेव, दुर्मीळ वस्तू नसून अनेक प्रती काढता येतील असा नमुना असावी, अशी त्यांची भूमिका होती.

जीवन
बारोस यांचा जन्म साओ पाउलो राज्यातील शावांतेस येथे झाला. चरितार्थासाठी त्यांनी बँकेत नोकरी केली आणि ती सांभाळून कलासाधना केली. १९५१ मध्ये ते शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. युरोपातील वास्तव्यात स्विस कलावंत माक्स बिल यांच्याशी त्यांचा परिचय झाला.

छायाचित्रण
'फोटोफॉर्मा' या मालिकेत त्यांनी एकाच फिल्मवर अनेकदा चित्रण केले, तसेच निगेटिव्ह कापून व त्यांवर ओरखडे काढून भौमितिक रचना साधल्या. साओ पाउलो कला संग्रहालयात या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते.

चित्रकला
१९५२ मध्ये वाल्देमार कोर्देइरो, लुइझ साचिलोत्तो आदींसह त्यांनी 'रुप्तुरा' गटाची स्थापना केली. निसर्गाचे अनुकरण नाकारून रेषा, आकार व रंग यांनाच चित्राचा विषय मानणाऱ्या 'काँक्रीट कले'चा या गटाने पुरस्कार केला. त्याच वर्षीचे 'फुन्साओ दियागोनाल' हे बारोस यांचे चित्र एकात एक बसवलेल्या चौकोनांवर आधारलेले आहे. गणिती नियमाने बांधलेली अशी रचना पुन्हा तयार करता येत असे.

औद्योगिक अभिकल्प
१९५४ मध्ये डॉमिनिकन धर्मगुरू जुआओ बातिस्ता परेरा दोस सांतोस यांच्या पुढाकाराने साओ पाउलोत 'युनिलाबोर' हा फर्निचर उद्योग सुरू झाला. त्याच्या व्यवस्थापनात आणि नफ्यात कामगारांचा वाटा होता. बारोस यांनी त्यासाठी लोखंडी सांगाडे व लाकडी फळ्या यांचे ठरावीक मापांचे सुटे भाग योजले. तेच भाग निरनिराळ्या प्रकारे जोडून खुर्च्या, कपाटे व मांडण्या तयार होत. मात्र या फर्निचरचे ग्राहक प्रामुख्याने मध्यमवर्गीय होते. १९६७ मध्ये हा प्रयोग संपुष्टात आला. तत्पूर्वी १९६४ मध्ये बारोस यांनी 'ओब्जेतो' या फर्निचर कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला होता. १९५८ मध्ये अलेक्झांद्रे वोल्नर आदींसह त्यांनी 'फॉर्मिन्फॉर्म' ही अभिकल्प संस्थाही स्थापन केली होती.

उत्तरकाळ
१९७९ पासून पक्षाघाताच्या झटक्यांमुळे त्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या. तरीही त्यांनी फॉर्मायकाच्या भौमितिक रचना योजल्या व साहाय्यकांकडून त्या घडवून घेतल्या. कलाकृती कलावंताच्या हातावर अवलंबून नसते, हा त्यांचा जुना विचार येथे प्रत्यक्षात आला. अखेरच्या वर्षांत कुटुंबाची जुनी छायाचित्रे व निगेटिव्ह कापून त्यांनी 'सोब्रास' (उरलेले तुकडे) ही मालिका केली. साओ पाउलो येथे त्यांचे निधन झाले.