गोदावरीची रेघ आणि आखूड शेपटीचे पाहुणे

गेल्या महिन्यात यवतमाळला घरी गेलो होतो. कॉलनीत लाल तोंडाच्या माकडांची टोळी शिरलेली. वाळवणं गेली, डिश अँटेना वाकल्या. शेजारचे काका अर्ज घेऊन आले: "माकडं पकडून पैनगंगेपल्याड सोडा." बाबांनी लगेच सही केली. मी म्हटलं, काका, उद्या करतो. आणि रात्रभर वाचत बसलो.

तर मंडळी, ही गोष्ट आपल्या काळतोंड्या वानरांची नाही. लालतोंड्यांत दोन जाती आहेत. उत्तरेचं ऱ्हीसस, शेपूट आखूड. दक्षिणेचं बॉनेट, शेपूट लांब आणि डोक्यावर टोपी घातल्यासारखे केस. बॉनेट मूळचं फक्त आपल्या द्वीपकल्पातलं, जगात दुसरीकडे कुठेही नाही. १९८१ साली फूडन, महाबळ आणि साहा यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये दोघांमधली सीमा नव्याने मांडली: पश्चिमेला तापी, पूर्वेला गोदावरी.

ही रेघ टिकली नाही. २०११ साली राम कुमार, सिंधू राधाकृष्ण आणि अनिंद्य सिन्हा यांनी दाखवलं की ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकतंय आणि बॉनेटचा प्रदेश आकसतोय. सगळी काही नदी पोहून गेली नाहीत. एका गावाने पकडायची आणि दुसऱ्या गावाजवळ सोडायची, हा आपला जुनाच उद्योग! सीमेवर मिश्र टोळ्या दिसतात आणि या दोघांचा संकर होऊ शकतो. एका बाजूची संख्या जास्त असली की पिढ्यांमागून पिढ्या जोड्या लागत जातात आणि एकही माकड न मारता एक जात पुसली जाऊ शकते. आज आययूसीएनच्या यादीत बॉनेट 'असुरक्षित' आहे. ऱ्हीससची मात्र कुणाला चिंता नाही.

उशीर झाला तर काय होतं ते जपानला विचारा. वाकायामात बंद पडलेल्या प्राणिसंग्रहालयातली तैवानी माकडं सुटली आणि जपानी माकडांत मिसळली. ती संपवायला २०१७ उजाडलं. चिबातल्या ताकागोयामा प्राणिसंग्रहालयात १६४ माकडांची डीएनए तपासणी झाली. ५७ माकडांत ऱ्हीससचं रक्त निघालं. त्यांना इंजेक्शन देऊन मारलं आणि मग जवळच्या बौद्ध मंदिरात त्यांच्यासाठी प्रार्थना केली. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, हा मर्ज रिव्हर्ट होत नाही.

आपल्याकडे तर परका कोण हेच ठरवता येत नाही. दोघंही इथलेच. म्हणून मारणं हा उपाय नाही, निदान गाडीत घालून दक्षिणेला पाठवणं तरी थांबवता येईल. पैनगंगेपल्याड आदिलाबाद, त्यापुढे गोदावरी.

सकाळी काकांना सांगितलं. ते वैतागले, "मग काय पोसायची का?" प्रश्न रास्त होता. अर्जातली शेवटची ओळ आम्ही बदलली: सोडून देऊ नका, हिमाचलसारखी नसबंदी करा, आणि कॉलनीच्या कचराकुंडीला झाकण द्या.

मग मीही सही केली.