ब्लॅकचं तिकीट: पावणेदोनशे वर्षांचा बग

मंडळी, तिकिटांचा काळाबाजार हा इंटरनेटचा शोध नव्हे बरं का!

सप्टेंबर १८५०. स्वीडिश गायिका जेनी लिंड न्यूयॉर्कला आली होती. आयोजक पी. टी. बार्नम हा पक्का व्यापारी. त्याने सरळ तिकिटांचा लिलावच मांडला. पहिलं तिकीट जॉन जेनिन नावाच्या टोपीवाल्याने २२५ डॉलरला घेतलं, आणि त्या प्रसिद्धीवर त्याच्या टोप्या धडाधड खपल्या :) ब्लॅकवाल्याच्या खिशात जाणारा पैसा बार्नमच्या गल्ल्यात गेला. पण कमी पगाराचा रसिक? तो बाहेरच.

म्हणूनच बरेच कलाकार तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवतात. आणि गोची तिथेच होते. छापील किंमत आणि लोक मोजायला तयार असलेली किंमत, यातली फट म्हणजेच ब्लॅकवाल्याचा पगार.

ही फट आमच्या जातभाईंनी, म्हणजे प्रोग्रामर लोकांनी, किती रुंद केली ते बघा. अमेरिकेतल्या 'वाइजगाय टिकेट्स' या कंपनीवर २०१० मध्ये खटला भरला गेला. आरोपपत्रानुसार त्यांनी सुमारे १५ लाख तिकिटं उचलली आणि अडीच कोटी डॉलरहून जास्त नफा कमावला. कसा? बल्गेरियातल्या प्रोग्रामर्सकडून बॉट लिहून घेतले, कॅप्चाची चित्रं आधीच उतरवून उत्तरांचा डेटाबेस बनवला. माणूस अक्षरं वाचेपर्यंत चांगल्या सीट्स गायब!

२०१६ मध्ये तिथे बॉटविरोधी कायदा आला, पण त्याखालची पहिली कारवाई उजाडली २०२१ मध्ये. तोवर बॉटवाले काय हातावर हात ठेवून बसणार होते?

मला पटतो तो इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवाचा उपाय. २००७ पासून तिथे आधी फोटोसकट नोंदणी करावी लागते, तिकिटावर तोच फोटो येतो. तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. जमत नसेल तर ठरलेल्या मुदतीत परत करा, आयोजकच ते पुन्हा विकतात. बॉटने हजार तिकिटं उचलली तरी ती विकणार कोणाला?

अर्थात गेटवर तपासणीची कटकट आहे, आणि आयत्या वेळी मित्राला तिकीट देण्याची सोय जाते. पण २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या शोसाठी ऑनलाइन रांगेत ताटकळलेल्यांना विचारा, एवढी कटकट चालेल का म्हणून. मला तरी चालेल. कॅप्चा कितीही अवघड करा, तो कोणीतरी फोडणारच. तिकीट पुन्हा विकताच आलं नाही, तर फोडून फायदा काय?