आभासी खाजगी लॅन सेवेतील स्वयंचलित संकेतन

आभासी खाजगी लॅन सेवा, संक्षेपाने व्हीपीएलएस, ही एका ग्राहकाची दूरदूरची कार्यालये सेवा पुरवठादाराच्या एमपीएलएस जाळ्यावरून अशा रीतीने जोडणारी सेवा होय, की ती सर्व एकाच इथरनेट स्विचला जोडलेली भासावीत. या सेवेतील सीमा-राउटरांनी एकमेकांस आपोआप शोधणे व परस्पर जोडणीसाठी लेबले ठरवणे यास स्वयंचलित शोध व संकेतन म्हणतात. बीजीपी या प्रोटोकॉलवर आधारलेली पद्धत जानेवारी २००७ मध्ये आयईटीएफच्या आरएफसी ४७६१ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली.

गरज

सीमा-राउटरांमधील जोडणीस स्यूडोवायर, म्हणजे आभासी तार, म्हणतात. फ्रेम जाळ्यात गोल फिरत राहू नये म्हणून एका स्यूडोवायरवरून आलेली फ्रेम दुसऱ्या स्यूडोवायरवर पाठवली जात नाही. परिणामी प्रत्येक राउटर इतर प्रत्येकाशी थेट जोडावा लागतो. १० राउटरांना ४५ स्यूडोवायर पुरतात, ४० राउटरांना मात्र ७८० लागतात. शिवाय प्रत्येकीला दोन्ही दिशांसाठी स्वतंत्र लेबल हवे. हाताने मांडणी करताना यातील एक जरी राहिली, तरी केवळ त्या दोन राउटरांमागील कार्यालयांचा संपर्क तुटतो आणि बाकी सर्व सुरळीत चालते. असा दोष सहजी ध्यानात येत नाही.

कार्यपद्धती

प्रत्येक सेवेस रूट टार्गेट नावाची खूण दिलेली असते. ही खूण असलेली घोषणा बीजीपीद्वारे आली, की त्याच सेवेतील राउटर ती स्वीकारतो. शोध तेवढ्यावरच पूर्ण होतो. लेबलाचे काम त्याच घोषणेत उरकले जाते. प्रत्येक जोडीदारासाठी वेगळे लेबल न पाठवता राउटर लेबलांचा एक संपूर्ण गट जाहीर करतो. त्यात त्याचा स्वतःचा व्हीई क्रमांक, गटाचा प्रारंभ-क्रमांक, आकार आणि पहिले लेबल असते. समजा, ३ क्रमांकाच्या राउटरने प्रारंभ-क्रमांक १, आकार ८ व पहिले लेबल १००० असे जाहीर केले. ५ क्रमांकाचा राउटर त्याच्याकडे फ्रेम पाठवताना १००० + ५ − १, म्हणजे १००४ हे लेबल लावतो. हे लेबल पाहताच फ्रेम कोणाकडून आली हे ३ क्रमांकाच्या राउटरला कळते, व तिच्यातील मॅक पत्ता कोणत्या दिशेस आहे याची तो नोंद करतो. पुढे ९ क्रमांकाचा राउटर आला, तर जुना गट तसाच ठेवून नवा गट जाहीर केला जातो.

दोन राउटरांना चुकून एकच व्हीई क्रमांक दिल्यास हा हिशेब कोलमडतो. रूट टार्गेट चुकल्यास परिणाम अधिक गंभीर होतात: दोन भिन्न ग्राहकांची जाळी एकत्र जोडली जाऊ शकतात, आणि दिलेली खूण बरोबरच आहे असे राउटर धरून चालतात.

एलडीपी पद्धत

त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४७६२ मध्ये संकेतनासाठी एलडीपी प्रोटोकॉल वापरला आहे. त्यात राउटरांच्या प्रत्येक जोडीमध्ये स्वतंत्र सत्र लागते; बीजीपीत रूट रिफ्लेक्टरमुळे ही संख्या पुष्कळ घटते. एलडीपी पद्धतीत शोधाची स्वतःची सोय नव्हती. शोध बीजीपीने व संकेतन एलडीपीने करण्याची संयुक्त रीत २०११ मध्ये आरएफसी ६०७४ ने प्रमाणित केली.

२०१५ च्या आरएफसी ७४३२ मधील ईव्हीपीएन तंत्रात मॅक पत्तेसुद्धा बीजीपीद्वारेच कळवले जातात.